आधी फोन, मग नाडी

आमच्या बाईंच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीवर बसला, की बाई आधी हात पुढे करायच्या. नवा माणूस असला तर त्याला वाटायचं, नाडी बघणार. तो मनगट पुढे करायचा. बाई ते मनगट हळूच बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "हाथ नहीं भैया, फोन. पहिले फोन दिखाओ."

जुने पेशंट व्हॉट्सॲपवर आलेला उपायांचा मेसेज उघडूनच आत यायचे. बाई गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा नाकावर चढवायच्या आणि तो मेसेज अगदी शेवटच्या हात जोडलेल्या चित्रापर्यंत मोठ्यानं वाचून काढायच्या. रेडिओवर बातम्या वाचाव्यात तशा सुरात. 'यह संदेश सबको भेजें, किसी की जान बच सकती है' इथे आल्या की थांबून विचारायच्या, "तुमने किसको भेजा?" पेशंट मान खाली घालून म्हणायचा, "सबको, मैडम." बाई म्हणायच्या, "अच्छा. दिल बड़ा है तुम्हारा." यात टोमणा नसायचा. मी अनेकदा शोधला, मला सापडला नाही.

मग ठरलेला प्रश्न: "इसमें तुमको जँचा क्या?" मराठी पेशंट असला तर, "यातलं काय पटलं तुम्हाला?"

बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली, एखादं पोर रडतंय, आणि आत बाई कारल्याच्या रसावरचं कुणाचं तरी मत एकाग्र होऊन ऐकतायत. मी त्यांच्याकडे शिकाऊ डॉक्टर म्हणून नवी नवी लागले होते तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. त्याच सुमाराला जबलपूर शहरातल्या काही डॉक्टरांनी दारावर पाट्या लावल्या होत्या, इंटरनेटवर वाचून येऊन इथे वाद घालू नये म्हणून. मीही तशी एक पाटी छापून आणली. बाईंनी ती कौतुकानं वाचली, "अक्षर किती सुंदर आहे गं" म्हणाल्या, आणि चौपदरी घडी करून तपासायच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली.

"अगं, हे लोक निदान दाखवून तरी राहिले," त्या म्हणाल्या. "पाटी लावली तर दाखवणं बंद करतील. करणं थोडंच बंद करतील?"

टेबल त्यानंतर कधी डुगडुगलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

बाईंचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत या भागात आलं आणि इथलंच झालं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा त्या लहान होत्या. "नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. आता भांडण कोणाशी करायचं?" असं त्या अधूनमधून म्हणायच्या, आणि जिथे भांडण अपेक्षित असेल तिथे नेमकं हेच वाक्य टाकून विषय संपवायच्या. मोपेडवरून फिरायच्या. अंबाड्यावर हेल्मेट बसायचं नाही म्हणून हेल्मेट घालताना अंबाडा सोडायच्या आणि दवाखान्यात शिरता शिरता पुन्हा बांधायच्या, तोंडात आकडे धरून पेशंटांना नमस्कार करत. रविवारी सकाळी हलवायाच्या दुकानात खोव्याची जलेबी उभ्यानंच खायच्या. एखादा मधुमेही पेशंट तिथे भेटला तर तो आणि बाई दोघंही एकमेकांना न ओळखल्यासारखं करायचे.

घरगुती उपायांशी त्यांचं वैर नव्हतं. हळदीचं दूध? "पिऊन टाका. सासूबाई खूश होतील. गोळी पण घ्या." ओव्याची धुरी? "घ्या. भाजू नका फक्त." मात्र काही मेसेज वाचताना त्यांचा आवाज मधेच खाली यायचा. मग मला कळायचं, आता खुर्ची जवळ ओढणार.

बरगीकडची एक मासेवाली यायची. तिच्या नवऱ्याचं ब्लडप्रेशर फार होतं. तिनं पदराला सुई टोचून ठेवली होती. कुणीतरी तिला पाठवलं होतं की लकवा मारला तर रोग्याला हलवायचं नाही, बोटांना सुई टोचून रक्त काढायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. म्हणाल्या, "अच्छा किया जो पहले से सोच के रखा. आधे लोग तो सोचते भी नहीं." मासेवाली फुलली. मग त्या म्हणाल्या, "पर मुँह टेढ़ा हो जाए, हाथ न उठे, बोली लड़खड़ाए, तो सुई नहीं ढूँढना, गाड़ी ढूँढना. सुई में टाइम गया तो आदमी गया. गाँव में गाड़ी किसके पास है?" एका शेजाऱ्याची निघाली. त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये नव्हता. बाईंनी तिथल्या तिथे तिच्या मुलाला फोन लावून तो नंबर मागवला, तिच्या फोनमध्ये घालून दिला, आणि मगच नवऱ्याच्या गोळ्या लिहिल्या. ती निघताना बाई म्हणाल्या, "सुई रहने दो. साड़ी फटी तो काम आएगी."

मला नंतर म्हणाल्या, "कोणाच्या हातातली वस्तू काढून घेतली तर दुसरी द्यावी लागते. लहान पोराचं काय, मोठ्याचं काय."

मेसेज ज्यानं पाठवला त्याला फोन करायचा, ही त्यांची आणखी एक खोड. एका मावशींना पुण्याच्या भाच्यानं कळवलं होतं की थायरॉइडची गोळी बंद कर आणि धण्याचं पाणी पी. बाईंनी मावशींसमोरच स्पीकर लावून त्याला फोन केला. "मी जबलपूरहून बोलून राहिले, तुमच्या मावशीची डॉक्टर. गोळी बंद केल्यावर काय काय लक्ष ठेवायचं ते सांगा नं, मी लिहून घेते." तिकडून भाचा म्हणाला, "अहो, मी फक्त फॉरवर्ड केलं." बाई म्हणाल्या, "अच्छा अच्छा, म्हणजे पोस्टमन. चलो, ठेवते." मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या हसल्या म्हणून गोळी चालू राहिली, नाहीतर आम्ही दोघींनी समजावून ती राहिली नसती.

इतकं सगळं ज्यांना कळत होतं, त्या बाई एकदा चुकल्या. माझ्या मनातल्या बाई खरं तर त्या चुकीनंतरच्या आहेत.

आमच्या मराठी मंडळाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एक निवृत्त गुरुजी. इथे एके काळी मराठी शाळा होती, तिथे त्यांनी अर्ध्या मंडळाला शिकवलेलं. शाळा पुढे हिंदी झाली, पोरं हिंदी झाली, गुरुजी तेवढे मराठी राहिले. बाईंचे ते जुने पेशंट, मधुमेहाचे, आणि नुकतंच त्यांना इन्सुलिन सुरू केलेलं.

इथल्या मराठी माणसांची एक गंमत सांगते. हिंदीतला मेसेज आला की आम्ही हसतो. "क्या फालतू भेजते हैं लोग!" पण तोच मजकूर शुद्ध, वळणदार मराठीत आला, की तो 'तिकडून', महाराष्ट्रातून आलेला असतो. आणि तिकडून आलेलं खोटं कसं असेल? आमचं मराठी घरापुरतं, हिंदीत कालवलेलं. त्यामुळे कुणी 'आदरणीय बंधुभगिनींनो' म्हटलं की आम्ही आपोआप सावरून बसतो.

तसा एक मेसेज गुरुजींनी एका सकाळी ग्रुपवर टाकला. इन्सुलिन हे आयुष्यभराचं जाळं आहे, त्यात अडकू नका, रात्री भेंडी चिरून पाण्यात भिजत घाला आणि पहाटे ते पाणी प्या. भाषा इतकी सुरेख, की मीही दोनदा वाचला.

त्या दिवशी बाई घायकुतीला आल्या होत्या. पनागरचा एक भाजीवाला, चांगला धडधाकट गडी, असल्याच एका मेसेजवरून ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडून बसला होता आणि सकाळीच त्याला अर्धं अंग लुळं पडलेल्या अवस्थेत आणलं होतं. त्याला मोठ्या इस्पितळात पाठवून त्या खुर्चीत बसल्या, फोन उघडला, आणि गुरुजींचा मेसेज दिसला. त्यांनी लिहिलं, 'गुरुजी, हे साफ चूक आहे. कळत नसेल तर पाठवत जाऊ नका.' खाली लोकांनी धडाधड अंगठे दिले. सगळे गुरुजींचेच विद्यार्थी. थोड्या वेळानं तिथे एक करडी ओळ आली, गुरुजी ग्रुप सोडून गेल्याची.

मला तर बरं वाटलं होतं. एकदाचं कुणीतरी खडसावलं. दोन-तीन दिवसांनी गुरुजींची सून खोकल्याचं औषध न्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "बाबांनी सुई बंद केली. भेंडीचं पाणी पिऊन राहिले. पायाच्या अंगठ्याला जखम झाली आहे, तर ती पण दाखवून नाही राहिले."

ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "झालं. मी चारचौघांत चूक म्हटलं. आता तो माणूस अंगठा देईल, पण शब्द मागं घेणार नाही. मीच त्याला त्या पाण्याला बांधलं."

त्याच दुपारी आम्ही विजय नगरला गुरुजींच्या घरी गेलो. मी स्कूटरवर, त्या मोपेडवर. गुरुजींनी अगदी रीतसर स्वागत केलं. "या डॉक्टरबाई, बसा." चहा आला. गुरुजींनी पाय धोतरात ओढून घेतला होता. बाईंनी माफी मागितली. गुरुजी म्हणाले, "आपण विद्वान. आमचं अज्ञान आपण दाखवून दिलंत, उपकार झाले." आणि त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. जखमेचा वास मला बसल्या जागी येत होता. मी बाईंकडे बघत होते, आता तरी बोला, सांगा की पाय जाईल. बाईंनी चहा संपवला आणि "उद्या येते" म्हणून उठल्या.

बाहेर मी चिडलेच. "काहून बोलला नाहीत? एकेक दिवस महत्त्वाचा आहे!"

"माहीत आहे नं," त्या म्हणाल्या. त्यांनी मोपेडला किल्ली लावली. "पण आज बोलले असते तर उद्या दार उघडलं नसतं."

घरी जाऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं: मी गुरुजींना सगळ्यांसमोर टाकून बोलले, ते चुकलं. त्या मजकुराबद्दल माझं मत तेच आहे, पण त्यांनी तो काळजीपोटी पाठवला होता आणि मी ती काळजी बघितली नाही. या वेळी अंगठे फार आले नाहीत. लोकांना काय करावं कळलं नसावं. सुनेनं तो मेसेज गुरुजींना वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी दार गुरुजींनीच उघडलं. बाई बसल्या आणि त्यांनी त्यांचा तो प्रश्न विचारला, त्या मेसेजमधलं काय पटलं म्हणून. गुरुजी म्हणाले, "भाषा."

आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. "इथे असं कोण लिहितं, डॉक्टरबाई? नातू माझ्याशी हिंदीत बोलतो. शाळेच्या फाटकावरून जाताना मी मान वळवून घेतो. कोणीतरी तिकडे बसून इतक्या आस्थेनं लिहिलं, वाटलं आपल्याच माणसानं लिहिलं." मग आवाज उतरला. "आणि माझा मोठा भाऊ. त्याला इंजेक्शन सुरू केलं आणि वर्ष व्हायच्या आत पाय कापला. मी उशाशी होतो."

इतकी वर्षं ते बाईंकडे येत होते, आणि हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पाय इंजेक्शनानं नाही गेला. इंजेक्शन उशिरा सुरू झालं, तोवर पाय आतून खराब झाला होता. त्या वेळी कोणी तुम्हाला बसवून सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. सुई लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं."

मग त्यांनी पर्समधून एक कागद काढला. इन्सुलिनवर त्यांनी स्वतः मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. गुरुजींनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला. "'शुगर वाढून राहिली तर घाबरून नाही राहायचं'? डॉक्टरबाई, हे मराठी आहे?"

"आमचं असंच आहे, गुरुजी. म्हणून तर तुमच्याकडे आणलं. तुम्ही नीट करून द्या, नाहीतर लोक त्या भेंडीवाल्याचंच ऐकतील."

गुरुजी पेन शोधायला उठले आणि उठताना पायात कळ येऊन कण्हले. तेव्हा कुठे बाई खाली बसल्या, जमिनीवर, आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. अंगठा काळपट पडत चालला होता. बाई पट्टी करत होत्या आणि वर गुरुजी वाक्यं दुरुस्त करत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे हे इन्सुलिन शरीरात मुळात असतंच?"

"असतं नं. तुमचं कमी पडून राहिलं. बाहेरून टाकायचं, बस."

"मग जाळं कसलं?" गुरुजी स्वतःशीच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "सूनबाई, ती सुई आण." सून हातातलं टाकून धावली.

निघताना गुरुजींनी विचारलं, भेंडीच्या पाण्याचं काय करायचं? बाई म्हणाल्या, "आवडत असेल तर प्या. कसं लागतं?" गुरुजी म्हणाले, "घाणेरडं." कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

अंगठा वाचला. सोपं नव्हतं. इस्पितळात राहावं लागलं, बाई रोज सकाळी तिथे डोकावायच्या. पण वाचला. गुरुजी ग्रुपवर परत आले ते बाईंचे संपादक होऊन. बाई सांगायच्या, गुरुजी लिहायचे, आणि अशा मराठीत की तिकडच्या लोकांनी सावरून बसावं. मग लोक काहीही पुढे पाठवण्याआधी गुरुजींना विचारायला लागले, आणि गुरुजी बाईंना. "मी जन्मभर समजावलं तर पेशंट ऐकून घेतात," बाई म्हणायच्या, "गुरुजीनं लिहिलं तर पाठ करतात."

बाई एका हिवाळ्यात गेल्या, पनागरचा मटार बाजारात आला होता तेव्हा. आजार लांबला नाही. दवाखाना आता मी चालवते. लोकांना वाटतं संध्याकाळी कुलूप लावताना मला त्यांची आठवण येत असेल. तशी येत नाही. भर गर्दीत येते, बाक भरलेला असतो आणि कुणीतरी फोन पुढे करतं तेव्हा. मी विचारते त्यांचेच प्रश्न, पण माझ्या आवाजातली घाई जात नाही. पेशंट म्हणतात, "बाई असत्या तर." मला राग येत नाही. मलाही तेच म्हणायचं असतं, पण माझ्यासमोर म्हणायला कुणी नाही.

परवा दुपारी ग्रुपवर एक मेसेज आला. बाईंचं पूर्ण नाव, मंडळानं सत्कार केला होता तेव्हाचा फोटो, आणि खाली 'दिवंगत डॉक्टरांचा शेवटचा सल्ला': इन्सुलिन सोडा, अमुक पानांचा काढा घ्या. कुणी तयार केला देव जाणे. मग मी पाठवणाऱ्याचं नाव बघितलं. पाठवला होता गुरुजींनी.

मी समोरच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि तशीच विजय नगरला निघाले. वाटेत एकच डोक्यात होतं, सुई पुन्हा बंद झाली. या वयात आता तो पाय वाचणार नाही, आणि या वेळी पाय मांडीवर घेणारं माणूसही नाही.

सुनेनं दार उघडलं. मी विचारलं, "सुई?"

"घेतली नं, दीदी. सकाळीच. मीच दिली. काहून, काय झालं?"

मी उंबऱ्यावरच टेकले. आतून गुरुजींचा आवाज आला, "या. मला वाटलंच तुम्ही येणार." ते खाटेवर बसले होते. म्हणाले, ग्रुपवरून तो मेसेज लगेच काढून टाकला, आणि खाली लिहिलं की हे डॉक्टरबाईंचं नाही, कुणीही इंजेक्शन बंद करू नये. मी रस्त्यात होते, मला दिसलं नव्हतं.

"पण पाठवलात काहून, गुरुजी? तुम्हाला कळलं नाही?"

"पहिल्या ओळीलाच कळलं," गुरुजी म्हणाले. "पण त्याच्या आधी नाव दिसलं. इतक्या दिवसांनी. वाटलं, बाईंचं आलं काही. सगळ्यांना सांगावंसं वाटलं."

फोन त्यांच्या शेजारी चादरीवर पडला होता. फोटोत बाईंच्या खांद्यावर शाल होती, आणि त्या समोर न बघता बाजूच्या कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या.

"ग्रुपवरून काढलं," गुरुजी म्हणाले. "इथून, माझ्या फोनमधून, काढता येऊन नाही राहिलं. तुम्ही काढा."

मी बोट तिथपर्यंत नेलं. मग म्हटलं, "राहू द्या, गुरुजी. आजच्या दिवस राहू द्या."

सुनेनं चहा आणला. तो निवेपर्यंत आम्ही दोघं तसेच बाईंकडे बघत बसलो.